चोळीबांगडीच्या तुकड्यातलं मडकं

आमच्या गावातल्या निम्म्या माणसांना मी लाथा घातल्यात. माजी सरपंचाला घातलीय, किराणावाल्याला घातलीय, शाळेच्या मास्तरला घातलीय, आणि सगळ्यांनी मला वर चहा पाजलाय. मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून आधी पाय आले, डोकं मागून. आमच्याकडं कुणाच्या कमरेत उसण भरली की त्याला पालथं झोपवायचं आणि पायाळू माणसानं त्याच्या कमरेवर लाथ मारायची. दुखणं जातं म्हणतात. जात असेल बाई. मी लहानपणापासून मारत आलेय, आणि खरं सांगू का, काही काही कमरांवर मारताना लई मजा आलीय.

पायाळूबद्दल लोक आणखी दोन गोष्टी बोलतात. एक म्हणजे त्याच्या अंगावर वीज पडते. दुसरी, त्याला जमिनीतलं धन दिसतं. विजेपायी माझं सासर सुटलं. आभाळ गडगडलं की सासू मला घरात थांबू द्यायची नाही. "तुझ्यापायी माझं घर जळंल," म्हणायची आणि गोठ्यात म्हशीजवळ नेऊन बसवायची. एकदा म्हैस व्यायला झाली होती, तेव्हा मला तिथूनही उठवलं आणि भर पावसात बाहेर लिंबाखाली उभं केलं. नवरा दारातून बघत होता. हातात चहाची बशी होती त्याच्या. पाऊस थांबल्यावर मी जी निघाले ती एसटी धरून थेट माहेरी.

वडिलांनी काही विचारलं नाही. त्यांनी भाऊबंदांना ओसरीवर बोलावलं, मला उंबऱ्याशी उभं केलं आणि सांगितलं, "नाल्याकडचा तुकडा पोरीच्या चोळीबांगडीला." आमच्याकडं लेकीला असा तुकडा तोंडी देतात. कागद होत नाही. सातबाऱ्यावर नाव भावाचंच राहतं, पण त्यात पिकेल ते लेकीनं घ्यायचं, तिला कुणापुढं हात पसरायची वेळ येऊ नये म्हणून. वडील होते तोवर त्यांचा शब्द म्हणजेच कागद होता. ते गेले, आणि तो तुकडा धाकट्या भावाच्या मनात असेल तोवरच माझा, असं झालं. तुकडा गेला असता तर मी भावाच्या ओसरीवर बसून, सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते जेवणारी बाई झाले असते. तसल्या बाया मी गावात बघितल्यात. त्या हळू बोलतात.

तुकड्यात वडिलांच्या हातचं एक थोरलं अंजिराचं झाड होतं. त्याच्याच फांद्या छाटून मी रोपं केली, पाणी वाहून जगवली, आणि नाल्यापर्यंत झाडंच झाडं झाली. बांधावर पत्र्याची खोली टाकली. अंजिराचं काम म्हणजे काही गंमत नाही. पहाटे तोडायचं, ऊन चढलं की फळ मऊ पडतं. चीक लागून बोटांच्या बेचक्यातली कातडी सोलते. मग पाटीत पानं अंथरायची, त्यावर फळं लावायची आणि किल्ल्याखालच्या रस्त्याला जाऊन बसायचं. गाडीतून उतरलेली माणसं एकेक फळ दाबून दाबून विचारायची, "मीठा है क्या?" मी म्हणायचे, "नाही, कडू आहे, म्हणून तर विकायला बसलेय."

माझ्या शेजारी सीताफळं घेऊन एक खाला बसायची. तिचे गुडघे गेलेले. ती म्हणायची, "तेरे पावां में जादू है बोलते, तो जरा मेरे घुटने पे बी मार ना." मी म्हणायचे, "खाला, घुटने पे मारा तो दूसरा बी जाएगा." दोघी हसायचो. सीताफळ विकलं नाही तर ती मला द्यायची, अंजीर उरलं तर मी तिला. मला त्या दिवसांत कुणी विचारलं असतं की तुझं कसं चाललंय, तर मी झकास चाललंय म्हटलं असतं.

भावाला वरच्या रानात पाणी न्यायचं होतं. विहिरीपासून पाईप टाकायचा तर चर माझ्याच तुकड्यातून जाणार. विचारायला आला तेव्हा म्हणाला, "अक्का, तुझ्या तुकड्यातून चर काढतो. झाडांच्या मुळांना धक्का लावत नाय." तुझ्या म्हणाला, म्हणून मला बरं वाटलं. मी जेसीबीच्या ड्रायव्हरला चहासुद्धा केला.

बकेटच्या दाताला मडकं लागलं. खापरं फुटली आणि आतून हिरवे गोळे मातीत सांडले. ड्रायव्हरनं मशीन बंद केलं. भाऊ चरात उतरला, एक गोळा दगडावर आपटला, तशी चकत्या चकत्या सुट्या झाल्या. नाणी होती. त्यावर उर्दूसारखं काहीतरी लिहिलेलं. भावानं माझ्या चुलीतली राख घेतली, घरून चिंच मागवली आणि एक नाणं घासायला लागला. घासता घासता ते पिवळं झालं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. लहानपणी जत्रेत फुगेवाला दिसला की त्याचं तोंड असंच व्हायचं. तेव्हा तो माझ्या कडेवर असायचा.

सोनाराकडं जाऊन आला. सोनारानं कसाला लावून सांगितलं, पितळ आहे. भाऊ म्हणाला, सोनार लबाड आहे.

गावात बोभाटा व्हायचा तो झालाच. तलाठी आला, पोलीस आले, पंचनामा झाला. शहरातून पुरातत्त्ववाली एक पोरगी आली. टोपी घालून चराच्या काठावर उकिडवी बसली, ब्रशनं एकेक नाणं झाडत होती. मी तिला पाणी दिलं तेव्हा ती समजावून सांगायला लागली. म्हणाली, "मावशी, दिल्लीची राजधानी उचलून इथं आणणारा सुलतान होता ना, त्याच्या वेळची आहेत. त्यानं हुकूम काढला होता की तांब्या-पितळेचं नाणं चांदीच्या मोलानं घ्यायचं. मग लोकांनी घरोघरी पाडली नाणी. शेवटी कुणी हातात घेईना." मी विचारलं, "मग ही कुणी पुरली?" ती म्हणाली, "कुणाला तरी वाटलं असेल, परत चालतील एखाद्या दिवशी."

मला त्या पुरणाऱ्याची कीव आली. भाऊ माझ्यामागं उभा राहून ऐकत होता. त्याच्या डोक्यात भलतंच शिरलं. सरकारी गाडी नाणी घेऊन गेली आणि तो मला म्हणाला, "ज्यानं पितळ एवढं जपून पुरलं, त्यानं सोनं काय उघड्यावर टाकलं असंल? ते खाली असणार. पितळ वर ठेवतेत, फसवायला."

"असंल. मग घे शोधून," मी चेष्टेनं म्हटलं.

तो हसला नाही. माझ्या पायांकडं बघत होता. "अक्का, तुला माहीत व्हतं. तू पायाळू. म्हणूनच बापाकडून हाच तुकडा घेतलास तू. मळ्यातली चांगली जमीन सोडून नाल्याकडंचा. आता ध्यानात आलं माझ्या."

अरे, मी घेतला? मी तर उंबऱ्याशी भिजलेल्या लुगड्यात उभी होते, मला कुठं काय विचारलं होतं कुणी? मी त्याला नाही नाही ते बोलले. तुझ्या अकलेला वाळवी लागली म्हटलं. बाप वरून थुंकत असेल म्हटलं. जितकं बोलले तितकं त्याचं पक्कं होत गेलं. आता गावात ज्याला त्याला आठवायला लागलं. कुणाला मी संध्याकाळी जमिनीकडं बघत चालताना दिसले होते. अहो, काटे असतात, बघून चालावं लागतं! कुणाला मी झाडाच्या बुडाशी काहीतरी पुरताना दिसले होते. शेणखत होतं ते.

मग भावानं पलीकडच्या गावातून एक जाणता आणला. पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातलं की भुईतलं धन लख्ख दिसतं, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना ते आधीच माहीत होतं. मी नाही म्हटलं तर भाऊ म्हणाला, "मग तुकडा सोड." असं अगदी सरळ म्हणाला. मी म्हटलं, घाला बाबा, काय घालायचंय ते घाला, आणि एकदाचं मिटवा.

दुपारची वेळ. बांधावर माणसं बसली होती, कुस्त्यांच्या फडाला बसतात तशी. माझ्याच लाथा खाल्लेली सगळी. ड्रायव्हर मशीनवर. भावजय जरा लांब, पदर तोंडाला लावून. जाणत्यानं डबीतलं काजळ बोटानं माझ्या डोळ्यांत भरलं. त्यात काय कालवलं होतं देव जाणे, डोळ्यांची नुसती आग झाली. पाणी गळायला लागलं.

"काय दिसतंय?" जाणत्यानं विचारलं.

"गाढवं दिसतायत, बांधावर बसलेली."

कुणी हसलं नाही. जाणता म्हणाला, "ही तोंडानं सांगायची नाय. हिचे पाय कुठं जातेत ते बघा. पाय खोटं बोलत नसतेत." आणि त्यानं ड्रायव्हरला खूण केली. मशीन सुरू होऊन थोरल्या झाडाच्या बाजूला वळलं. नुसतं वळलं होतं. मी धावले. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, पण त्या झाडापर्यंत मी झोपेतही गेले असते. बुंध्याला पाठ लावून उभी राहिले आणि ओरडले, "इथं काही नाय! ह्याला हात लावाल तर बघा!"

"बघा," जाणता म्हणाला. "कुठं गेली."

गावातल्या दोन बायांनी मला ओढून बाजूला केलं. बकेट मुळांखाली गेली आणि वडिलांचं झाड कच्च्या फळांसकट वर आलं. मोडलेल्या फांद्यांमधून चीक गळत होता. खड्ड्यात माणसं उतरली, कुदळी मारल्या, काही निघालं नाही. जाणता म्हणाला, "धन सरकलं. तिनं नजरेनं सरकवलं." मशीन पुढच्या झाडाकडं वळलं आणि मी मूर्ख बाई पुन्हा धावले. पुन्हा आडवी झाले, पुन्हा शपथा घातल्या. मी ज्या झाडापुढं उभी राहीन ते झाड जात होतं, आणि हे माझ्या डोक्यात शिरायला निम्मी बाग पडावी लागली. शेवटी नाल्याकाठचं एकच राहिलं. तेव्हा मी शहाणी झाले. त्या झाडाकडं पाठ केली, पदर खोचला आणि किल्ल्याकडं बघत उभी राहिले, जसं काही त्या झाडाशी माझं देणं ना घेणं.

"पाठ फिरवली," जाणता म्हणाला. "लपवतीया."

तेही गेलं. मागं वळून बघितलंच नाही मी, नुसता आवाज ऐकला.

नंतर भाऊ म्हणाला की खड्डा आयताच झालाय तर आता शेततळं करू, त्याला अनुदान मिळतं. माझी पत्र्याची खोली बांधावरच होती, ती राहू दिली. भावजय रोज उंबऱ्याबाहेर भाकरी-कालवण ठेवून जायची, बोलायची नाही. मी ते खायचे. राग असला तरी पोट ऐकतं होय? रस्त्याला बसायला आता माझ्याकडं काही नव्हतं. खालाच्या शेजारची माझी जागा तिनं गोणपाट टाकून धरून ठेवली होती. मी तिकडं जायची बंद झाले. तिनं वाट बघितली आणि मग एका पेरूवाल्याला बसू दिलं म्हणे.

ड्रायव्हर परत यायला तयार होईना. झाडं पाडून त्याचं मन विटलं म्हणे. आता विटून काय उपयोग? भाऊ एकटाच त्या खड्ड्यात कुदळ मारत राहिला. आणि मग जे व्हायचं ते झालं, त्याच्या कमरेत उसण भरली. साधी नाही, ताठच झाला. शहरात डॉक्टरकडं नेला, सुया टोचल्या, गोळ्या दिल्या, पट्टा बांधला. चार पावलं टाकताना आई आई करायचा. शेवटी चौघांनी बाजेवर घालून माझ्या दारात आणला आणि पालथा झोपवला. भावजय हात जोडून म्हणाली, "वन्सं, तेवढी लाथ मारा."

मी बाजेजवळ गेले. आडवा पडलेला, शर्ट वर केलेला, कमरेवर मलमांचे डाग. लहानपणी ह्याच कमरेला तेल लावून मी त्याला उन्हात निजवायचे. मला वाटलं, आता हा म्हणेल. "अक्का, चुकलं," एवढं म्हणाला असता तरी मी विरघळले असते, मला माझी खात्री आहे. मी पाय त्याच्या कमरेवर ठेवला. हळूच ठेवला.

बाजेत तोंड खुपसून तो म्हणाला, "अक्का, आता तरी सांग ना कुठं हाय."

मी लाथ मारली. अशी मारली की बाजेची दोरी करकरली. तो बोंबलला, मग उठून बसला. कंबर मोकळी झाली म्हणाला. सगळे माझ्या पायाकडं कौतुकानं बघायला लागले. तो मात्र माझ्या डोळ्यांकडं बघत होता. मी मान वर केली आणि समोर त्याच्या घराकडं बघितलं. नवं स्लॅबचं घर, वडिलांच्या जागेवर बांधलेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीकडं चांगलं खोल बघितलं, आणि पकडले गेल्यासारखी झटकन नजर वळवली.

एवढंच. मला अजूनही त्याचं वाईट वाटत नाही.

त्या घराची फरशी भावजयीनं शहरात जाऊन निवडली होती. दिवसातून दोनदा गुडघ्यांवर बसून पुसायची. आत जाताना मलासुद्धा बाहेरच्या नळावर पाय धुवायला लावायची. "वन्सं, डाग पडतेत," म्हणायची. स्वयंपाकघरात काळ्या दगडाचा ओटा होता, त्यात आपलं तोंड दिसायचं.

दुसऱ्या दिवशी फरशी फुटल्याचे आवाज माझ्या खोलीपर्यंत आले. आधी स्वयंपाकघर, मग मधली खोली. मी बांधावर बसून ऐकत होते. चहा केला, दोनदा प्याले. भावजयीनं अंगणात तीन दगडांची चूल मांडली होती, धूर दिसत होता.

मग एका सकाळी ती माझ्याकडं आली. केसांत सिमेंटची धूळ, डोळे सुजलेले. हातात तेलाचा रिकामा डबा होता, त्यात माती आणि मातीत अंजिराची काडी. तिला दोन पानं फुटली होती.

"थोरल्या झाडाची हाय," ती म्हणाली. "त्या दिवशी मोडून घेतली व्हती गुपचूप. यांना दिसू नाय म्हणून सरपणाच्या मागं ठेवली. तुम्हाला द्यायचं धाडस झालं नाय." मग खालीच बसली. "वन्सं, आता ओटा फोडाया लागलेत. भिंतीच्या बुडाला गेलेत. तुम्ही सांगा ना त्यांना, तिथं काही नाय म्हणून. तुमचं ऐकतील."

माझं ऐकतील! मला हसायला येणार होतं. पण त्या पानांकडं बघितलं आणि एकावरची धूळ बोटानं पुसली. ही बाई तेव्हा तोंडाला पदर लावून उभी होती, मी तिला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या असतील. मी उठले. तिच्याबरोबर गेले. पाय धुतले नाहीत, धुवून कुठं ठेवणार होते?

स्वयंपाकघरात कमरेइतका खड्डा होता आणि भाऊ त्यात, कमरेला माझ्या वहिनीचं जुनं लुगडं गुंडाळून. होय, भावजय म्हणा, वहिनी म्हणा, त्या क्षणी मला ती माझीच कुणीतरी वाटत होती. मी काठावर उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, ऐक. इथं काही नाय. मी उगीच बघितलं, तुझा राग आला म्हणून बघितलं. आईची शपथ, तुझ्या घराखाली काही नाय रे. बाहेर ये."

त्यानं मान वर केली. वडील गेल्यापासून त्याच्या तोंडावर एवढा आनंद मी बघितला नव्हता.

"बघ," तो बायकोला म्हणाला. "अंजिराच्या वेळीबी अशीच म्हणली व्हती. अशीच आडवी आली व्हती."

आणि त्यानं कुदळ उचलून ओट्याच्या बुडाशी घातली. मी पुन्हा ओरडले, नाय म्हटलं ना, काही नाय. तो आणखी जोरानं मारायला लागला. काळा दगड मधोमध तडकला आणि खड्ड्यात बसला. भावजय दारात उभी होती, डबा पोटाशी धरून. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हात जोडून म्हणाली, "वन्सं, आता तुम्ही काहीच बोलू नका."